घंटावक्राविना अनुमान : प्रस्तावना

कोणत्याही समष्टीतून यादृच्छिक पद्धतीने फक्त सहा नोंदी घ्या. रुग्णालयातल्या रुग्णांच्या मुक्कामाचे दिवस घ्या, बाजार समितीत आलेल्या कांद्याच्या गोण्यांची वजने घ्या किंवा एखाद्या तालुक्यातल्या कुटुंबांची वार्षिक उत्पन्ने घ्या. त्या सहांतली सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी नोंद वेगळी काढा. संपूर्ण समष्टीचा मध्यक या दोन आकड्यांच्या दरम्यान आहे, असे तुम्ही खुशाल सांगा. ही रीत वापरत राहिलात, तर दर शंभरांत जवळपास ९७ वेळा तुमचे म्हणणे बरोबर निघेल. वितरणाचा आलेख कसा आहे, हे यासाठी कुणालाही विचारावे लागत नाही.

याची सिद्धता शाळकरी मुलालाही कळेल. निम्मी समष्टी मध्यकाच्या वर आणि निम्मी खाली, म्हणून कोणतीही एक नोंद वर पडण्याची संभाव्यता १/२. आपले विधान चुकायचे, तर सहाच्या सहा नोंदी एकाच बाजूला पडायला हव्यात. सगळ्या वर पडण्याची संभाव्यता १/६४, सगळ्या खाली पडण्याची तेवढीच, दोन्ही मिळून १/३२. उरलेले ३१/३२ म्हणजे ९६.९ टक्के. पाचच नोंदी असत्या, तर हाच आकडा ९३.७५ टक्क्यांवर आला असता.

या युक्तिवादात काय वापरले आणि काय वापरले नाही, ते इथे थांबून पाहायला हवे. घंटेच्या आकाराचा प्रसामान्य वक्र वापरला नाही. सरासरी, प्रमाण विचलन यांपैकी काहीच लागले नाही. लागल्या त्या दोनच गोष्टी : नोंदी यादृच्छिक पद्धतीने घेतलेल्या असणे आणि त्या एकमेकींपासून स्वतंत्र असणे. या दोन्ही गोष्टी आकडे कागदावर येण्यापूर्वी, नोंदी गोळा करतानाच ठरलेल्या असतात.

वक्राचा आकार गृहीत न धरणाऱ्या अशा पद्धतींना अप्राचलीय म्हणतात. त्यांना काहीच गृहीत धरावे लागत नाही, असे विद्यार्थ्यांच्या वह्यांत सर्रास लिहिलेले सापडते. हा समज पुसून टाकणे हे या पुस्तकाचे पहिले काम आहे. या पद्धतीही गृहीतके धरतात. फरक इतकाच की गृहीतकाचा भार त्या वक्राच्या आकारावरून उचलतात आणि नोंदी कशा घेतल्या यावर ठेवतात. निसर्गाने रक्तातल्या साखरेचे वितरण कोणत्या आकाराचे ठेवले आहे, याची ग्वाही कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही. रुग्ण कसे निवडले, कोणाला कोणते औषध द्यायचे हे कसे ठरवले, एकाच रुग्णाच्या दोन नोंदी घेतल्या का, याचे उत्तर मात्र तो देऊ शकतो आणि त्याने ते दिलेच पाहिजे. माणसाने ज्याची जबाबदारी घेता येते तेवढेच गृहीत धरावे, हा या पद्धतींचा आग्रह मला फार मोलाचा वाटतो.

या विचाराचे मूळ बरेच जुने आहे. इंग्लंडच्या राणी ॲनचा राजवैद्य जॉन अर्बथनॉट याने लंडनमधल्या १६२९ ते १७१० या ८२ वर्षांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी तपासल्या. प्रत्येक वर्षी मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा जास्त होती. मुलगा किंवा मुलगी होणे हा निव्वळ नाणेफेकीसारखा प्रकार असता, तर सलग ८२ वर्षे एकाच बाजूने कौल लागण्याची संभाव्यता १/२ चा ८२ वा घात, म्हणजे दशांश चिन्हानंतर २४ शून्ये आणि मग २. आज जिला आपण चिन्ह चाचणी म्हणतो, ती हीच. अर्बथनॉटने पुढे यात ईश्वरी योजना पाहिली. त्याचे गणित बिनचूक होते. ईश्वरी योजनेचा निष्कर्ष मात्र त्या गणितातून निघत नाही. योगायोगाचे स्पष्टीकरण पुरे पडत नाही, इथवर चाचणी आपल्याला आणून सोडते. कारण कोणते, हे ती सांगत नाही. तीनशे वर्षांनंतरही प्रबंधांच्या शेवटच्या प्रकरणांत नेमकी हीच सीमा ओलांडलेली दिसते.

या पुस्तकाचा बराच भाग एकाच छोट्या आकडेवारीभोवती फिरतो आणि तो मी मुद्दाम तसा ठेवला आहे. ही आकडेवारी चार्ल्स डार्विनची आहे. परपरागणातून आलेली रोपे स्वपरागणातून आलेल्या रोपांपेक्षा जोमदार असतात का, हा त्याचा प्रश्न होता. त्यावरचे त्याचे पुस्तक १८७६ साली आले. त्यातल्या मक्याच्या प्रयोगात १५ जोड्या होत्या. प्रत्येक जोडीत एक परपरागित आणि एक स्वपरागित रोप, दोन्ही एकाच वेळी अंकुरलेल्या बियांची, एकाच कुंडीत समोरासमोर लावलेली. कुंड्या चार. उंची एक अष्टमांश इंचापर्यंत मोजलेली. प्रत्येक जोडीत परपरागित रोपाच्या उंचीतून स्वपरागित रोपाची उंची वजा केली, की अष्टमांश इंचांत हे १५ फरक मिळतात : ४९, −६७, ८, १६, ६, २३, २८, ४१, १४, २९, ५६, २४, ७५, ६०, −४८.

यादी मोठ्याने वाचून पाहावी. तेरा जोड्यांत परपरागित रोप उंच, दोन जोड्यांत ठेंगणे. पण ज्या दोन जोड्यांत ते हरले, त्यांत ते थोडक्याने हरलेले नाही : एकदा आठ इंचांहून जास्त, एकदा सहा इंच. या आकडेवारीतली सगळी अडचण आणि सगळी गंमत त्या दोन ऋण आकड्यांत आहे.

डार्विनने ही आकडेवारी आपला नातलग फ्रान्सिस गाल्टन याला दाखवली. गाल्टनने दोन्ही गटांतली रोपे आपापल्या गटात उंचीच्या क्रमाने लावली आणि मग क्रमाक्रमाने त्यांची तुलना केली. चित्र सुबक झाले, पण जोड्या मोडल्या. एकाच कुंडीत, एकाच मातीत आणि पाण्यात वाढलेल्या दोन रोपांची तुलना हाच प्रयोगाचा प्राण होता आणि तोच निघून गेला. रोनाल्ड फिशरने १९३५ सालच्या प्रयोगांच्या आखणीवरील आपल्या पुस्तकात याच आकडेवारीला अख्खे प्रकरण दिले आणि गाल्टनच्या या मांडणीवर बोट ठेवले.

फिशरने दोन उत्तरे काढली. पहिले विल्यम गॉसेटच्या टी-चाचणीचे. गॉसेट गिनेसच्या मद्यनिर्मिती कारखान्यात कामाला होता आणि लहान नमुन्यांसाठी ही रीत त्याने १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने प्रसिद्ध केली होती. फरकांची सरासरी २०.९३ अष्टमांश, म्हणजे सुमारे २.६ इंच. टीचे मूल्य २.१४८ आणि पी-मूल्य, म्हणजे काहीच परिणाम नसता तर एवढा किंवा याहून मोठा फरक येण्याची संभाव्यता, ०.०४९७. नेहमीच्या ०.०५ च्या उंबरठ्याच्या अगदी केसभर आत.

दुसरे उत्तर मिळवताना त्याने वक्र सोडूनच दिला. परागणाचा काहीच परिणाम नसेल, तर एखाद्या जोडीतला ४९ चा फरक +४९ आला काय किंवा −४९ आला काय, दोन्ही सारखेच संभवनीय. पंधरा फरकांची चिन्हे दोन्ही बाजूंनी बदलता येतात, म्हणून एकूण मांडण्या २ चा १५ वा घात, म्हणजे ३२,७६८. प्रत्यक्षात आलेली बेरीज ३१४. तेवढी किंवा त्याहून मोठी बेरीज देणाऱ्या मांडण्या ८६३ आणि उलट्या बाजूच्याही ८६३, मिळून १,७२६. भागाकार ०.०५२७. संगणक नसलेल्या काळात हे मोजण्याची चिकाटी पाहून आजही आदर वाटतो. फिशरचा उद्देश टी-चाचणी मोडीत काढण्याचा नव्हता. दोन्ही उत्तरे किती जवळ येतात, हे त्याला दाखवायचे होते. मात्र या मोजणीमागची अट त्याने स्वच्छ सांगितली : कुंडीच्या कोणत्या बाजूला कोणते रोप लावायचे, हे चिठ्ठी टाकून ठरवले, तरच या ३२,७६८ मांडण्यांना समान वजन देण्याचा हक्क मिळतो. डार्विनच्या काळी तशी यादृच्छिक वाटणी रूढ नव्हती.

तिसरे उत्तर दहा वर्षांनी आले आणि तेही एका रसायनशास्त्रज्ञाकडून. फ्रँक विल्कॉक्सन अमेरिकन सायनामिड या कंपनीत कीटकनाशकांवर काम करत होता. तुलना सतत कराव्या लागत आणि दर वेळी लांबलचक आकडेमोड. त्याने १९४५ साली चार पानांचा एक लेख लिहिला. आकड्यांच्या जागी त्यांचे क्रमांक घ्यायचे आणि क्रमांकांची बेरीज करायची, एवढीच त्याची युक्ती. स्वतंत्र गटांसाठी त्याने माश्या मारण्याच्या दोन फवाऱ्यांचे उदाहरण दिले. जोड्यांच्या चाचणीसाठी त्याने उचलली ती फिशरच्या पुस्तकातली डार्विनची हीच आकडेवारी.

चिन्हे विसरून १५ फरक लहानापासून मोठ्यापर्यंत लावले, की ६ ला पहिला क्रमांक, ८ ला दुसरा, असे करत ७५ ला पंधरावा. ऋण फरकांपैकी ४८ चा क्रमांक १० आणि ६७ चा १४. ऋण क्रमांकांची बेरीज २४. सगळ्या क्रमांकांची बेरीज १२०, म्हणजे परिणाम नसता तर दोन्ही बाजूंना साठ-साठच्या आसपास अपेक्षित होती. पी-मूल्य सुमारे ०.०४१. वहीच्या एका पानावर, दहा मिनिटांत होणारे गणित.

चौथे उत्तर अर्बथनॉटच्या रीतीचे : १५ पैकी २ ऋण. फक्त चिन्हे मोजली, तर पी-मूल्य २४२ भागिले ३२,७६८, म्हणजे ०.००७.

एकच आकडेवारी आणि चार उत्तरे : ०.०४९७, ०.०५२७, ०.०४१ आणि ०.००७. विद्यार्थी इथे हमखास विचारतो, यांतले खरे कोणते? हिशेब चारही अचूक आहेत, कारण प्रत्येक चाचणीने आकड्यांतली वेगळी गोष्ट ऐकली. चिन्ह चाचणीने ते दोन मोठे पराभव किती मोठे होते हे ऐकलेच नाही, म्हणून तिचा कौल इतका ठाम. टी-चाचणीने आणि फिशरच्या मोजणीने ते पूर्ण आकारानिशी ऐकले. विल्कॉक्सनच्या चाचणीने क्रमांकापुरते ऐकले. जो संशोधक चारही चाचण्या करून सोयीचे पी-मूल्य तेवढे छापतो, त्याने यांपैकी एकीचाही उपयोग केलेला नसतो. चाचणी आकडे पाहण्यापूर्वी ठरवायची असते आणि ठरवताना विचारायचे असते, की या प्रश्नात फरकाच्या आकाराला महत्त्व आहे का. उंचीच्या बाबतीत आहे. रुग्णाला 'बरे वाटले की वाईट' एवढेच नोंदवले असेल, तर आकार मुळात नाहीच.

तरीही ०.०४९७ आणि ०.०५२७ यांच्या मधून जाणारी रेघ शोधनिबंध स्वीकारायचा की परत पाठवायचा हे ठरवते, ही आपल्या विद्यापीठीय व्यवहारातली दुःखद गोष्ट आहे. म्हणूनच या पुस्तकात प्रत्येक चाचणीला लागून तिचा विश्वासांतराल, म्हणजे खरा फरक ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असल्याचे ठराविक खात्रीने सांगता येते तो पट्टा, शिकवला आहे. खरे तर क्रम उलटा असायला हवा होता : आधी अंतराल, मग वाटलेच तर चाचणी. शेतकऱ्याला, डॉक्टरला, पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याला 'फरक आहे का' यात फारसा रस नसतो. त्याला विचारायचे असते, 'किती?'

डार्विनच्या मक्याला हा प्रश्न विचारू. पंधरा फरक चढत्या क्रमाने लावले, की मधला, म्हणजे आठवा, २४ अष्टमांश : बरोबर ३ इंच. सुरुवातीला सहा नोंदींसाठी केलेला युक्तिवाद इथे जसाच्या तसा लागू होतो. चौथा आणि बारावा आकडा घेतला, तर ८ आणि ४९ मिळतात, म्हणजे १ इंच ते सव्वासहाला थोडे कमी. या अंतरालाची विश्वासपातळी ९६.५ टक्के. पाचवा आणि अकरावा घेतला असता, तर ती ८८.२ टक्क्यांवर घसरली असती. नेमके ९५ टक्के या वाटेने मिळत नाहीत आणि ते तसे छापूही नयेत. जे मिळाले तेच लिहावे.

विल्कॉक्सनच्या चाचणीतून अंतराल काढण्याची रीत अधिक देखणी आहे. पंधरा फरकांतून दोन-दोन घेऊन, आणि प्रत्येकाला स्वतःशीही जोडून, १२० सरासऱ्या होतात. त्यांचा मध्यक हा हॉजेस आणि लेमन यांनी १९६३ साली मांडलेला अंदाज. तो इथे २५ अष्टमांश, म्हणजे ३.१२५ इंच येतो. त्या १२० पैकी खालून २६ वी आणि वरून २६ वी सरासरी घेतली, की सुमारे ९५ टक्क्यांचा अंतराल मिळतो : अर्धा इंच ते ५.१९ इंच. टी-चाचणीचा अंतराल जवळपास शून्यापासून ५.२ इंचांपर्यंत. आता तिन्ही अंतराल शेजारी ठेवून पाहिले, तर उत्तरांतला विरोध पुष्कळ निवळतो. परपरागित मका दोन-तीन इंचांनी उंच आहे, फार तर पाच-सहा इंचांनी असेल आणि तळाशी फरक नगण्य असण्याची शक्यता पुरती मिटलेली नाही. यातून कुणालाही निर्णय घेता येतो, कारण उत्तर इंचांत आहे. पी-मूल्याला एकक नसते.

माझे मत विचाराल, तर या आकडेवारीसाठी मी पहिला अंतराल निवडेन. विल्कॉक्सनच्या अंतरालाला फरकांचे वितरण मध्याभोवती सममित असावे लागते आणि इथे डावीकडे लांबलेली ती दोन ऋण टोके सममितीबद्दल शंका निर्माण करतात. कुणी अभ्यासक नेमके उलटे मत देईल. त्याची कारणे ऐकायला मला आवडेल.

क्रमांक घेतले की माहिती वाया जाते, हा आक्षेप विल्कॉक्सनच्या काळापासून आहे. धावण्याच्या शर्यतीत कोण कितवा आला एवढेच सांगितले, तर पहिला दुसऱ्यापेक्षा किती सेकंदांनी पुढे होता हे हरवते, तसेच हे. तर्क बरोबर आहे. मग नुकसान किती, हे मोजले पाहिजे. वितरण खरोखरच प्रसामान्य असेल, म्हणजे टी-चाचणीचे घरचे मैदान असेल, तेव्हा विल्कॉक्सनच्या चाचणीची सापेक्ष कार्यक्षमता ३ भागिले पाय, सुमारे ०.९५५. टी-चाचणीला जे काम ९५-९६ नोंदींत जमते, त्याला हिला १०० लागतात. हॉजेस आणि लेमन यांनी १९५६ साली आणखी पुढची गोष्ट सिद्ध केली : वितरणाचा आकार कोणताही असो, ही कार्यक्षमता ०.८६४ च्या खाली कधीच जात नाही. आणि लांब शेपटीच्या वितरणांत ती १ च्या कितीतरी पुढे जाते. विम्याचा एवढा स्वस्त हप्ता संख्याशास्त्रात दुसरीकडे पाहायला मिळत नाही. चिन्ह चाचणीचा हप्ता मात्र महाग आहे. प्रसामान्य वितरणात तिची कार्यक्षमता २ भागिले पाय, म्हणजे ०.६३७ इतकीच.

विल्कॉक्सननंतर दोन वर्षांनी मान आणि व्हिटनी यांनी स्वतंत्र गटांच्या चाचणीला भक्कम गणिती पाया दिला. १९५२ साली क्रुस्कल आणि वॉलिस यांनी ती अनेक गटांपर्यंत नेली. यापुढचा एक धागा पुण्यात येतो आणि मराठी वाचकाला तो माहीत असायला हवा. पुणे विद्यापीठात वि. शं. हुजूरबाजार यांनी १९५३ साली संख्याशास्त्र विभाग उभा केला. बा. वि. सुखात्मे यांनी १९५७ साली दोन गटांतल्या विखुरलेपणाची तुलना करणारी अप्राचलीय चाचणी दिली. व्ही. पी. भापकर यांची अनेक गटांसाठीची चाचणी १९६१ सालची आणि जयंत देशपांडे यांची १९६५ सालची. या चाचण्या जगभरच्या पाठ्यपुस्तकांत त्यांच्या नावांनी आहेत. पुढे देशपांडे, गोरे आणि शानुभोग यांनी प्रसामान्य नसलेल्या आकडेवारीच्या विश्लेषणावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. ते १९९५ साली आले. ज्या शहराशी या कामाचा धागा जुळतो, तिथल्या भाषेत या विषयावर सविस्तर पुस्तक असावे, ही इच्छा हे लिहिताना सतत सोबत होती.

आता वापराविषयी. रुग्णालयातल्या मुक्कामाचे उदाहरण घेऊ. बहुतेक रुग्ण तीन-चार दिवसांत घरी जातात आणि एखादा दोन महिने राहतो. शोधनिबंधात लिहिलेले असते : मुक्काम ५ ± ७ दिवस. म्हणजे काही रुग्ण दाखल होण्याच्या दोन दिवस आधीच घरी गेले असे समजायचे का? असा आकडा छापण्यापूर्वी कुणाच्याच लक्षात येत नाही, याचे कारण सरासरी आणि प्रमाण विचलन लिहिण्याची हाताला लागलेली सवय. शंभर रुग्णांचे मुक्काम चढत्या क्रमाने लावा, ४० वा आणि ६१ वा आकडा पाहा. समष्टीच्या मध्यकाचा ९६.५ टक्क्यांचा विश्वासांतराल तयार झाला. यासाठी संगणकही लागत नाही.

मान-व्हिटनी चाचणी दोन गटांच्या मध्यकांची तुलना करते, हे वाक्य इतक्या ठिकाणी छापले गेले आहे की ते खोडणे कठीण झाले आहे. ही चाचणी पाहते ते वेगळेच : पहिल्या गटातला कुणीही एक आणि दुसऱ्या गटातला कुणीही एक उचलला, तर पहिल्याचा आकडा मोठा निघण्याची संभाव्यता किती. दोन्ही वितरणांचा आकार सारखा असून एक नुसते सरकलेले असेल, तेव्हाच हे विधान मध्यकांवर उतरते. आकार वेगळे असतील, तर मध्यक समान असूनही चाचणी फरक दाखवू शकते. खरे तर ती संभाव्यता स्वतःच फार उपयोगी आहे. 'नवे औषध घेतलेला रुग्ण जुने औषध घेतलेल्या रुग्णापेक्षा लवकर बरा होण्याची शक्यता १०० पैकी ६४', हे वाक्य रुग्णाच्या नातेवाइकांनाही कळते. (६४ हा आकडा नमुन्यादाखल घेतला आहे.)

लहान नमुन्यांबाबत एक गणित प्रत्येक मार्गदर्शकाने भिंतीवर लावावे. पाच जोड्यांवर विल्कॉक्सनची चाचणी केली आणि पाचही फरक एकाच बाजूचे आले, तरी दुहेरी पी-मूल्य २/३२, म्हणजे ०.०६२५. तीन विरुद्ध तीन अशा दोन गटांत सगळे आकडे पूर्ण वेगळे झाले, तरी २/२०, म्हणजे ०.१. प्रयोग कितीही यशस्वी झाला, तरी ०.०५ च्या खाली जाणे इथे गणितानेच अशक्य आहे. तरीही तीन-तीन आवर्तनांचे प्रयोग आखले जातात, चाचणी 'लक्षणीय नाही' म्हणते आणि विद्यार्थी निराश होतो. त्याच्या दोन वर्षांच्या मेहनतीला असा निकाल आधीच लिहून ठेवला होता, हे त्याला कुणीतरी आरंभीच सांगायला हवे होते.

पाच पर्यायांच्या प्रश्नावल्यांत बरोबरीचे आकडे ढिगाने येतात. 'आर' ही आज्ञावली तेव्हा इशारा देते, की बरोबरी असल्याने अचूक पी-मूल्य काढता येत नाही. हा इशारा बंद करून पुढे जायचे नसते. फिशरच्या मोजणीसारखी, सगळ्या शक्य मांडण्या मोजणारी क्रमचय चाचणी बरोबरीसकट अचूक चालते. तिचे वेगळे प्रकरण आहे.

सर्वांत मोठा धोका स्वातंत्र्याच्या अटीचा आहे आणि तिथे कोणतीही अप्राचलीय चाचणी मदतीला येत नाही. दहा रुग्णांचा रक्तदाब प्रत्येकी सहा वेळा मोजला, तर आकडे साठ आणि रुग्ण दहाच. एका वाफ्यातली वीस रोपे मोजली, तरी खत वाफ्याला दिलेले असते. त्यामुळे एकक वाफा, रोप नव्हे. डार्विनच्या पंधरा जोड्याही चारच कुंड्यांत होत्या, हे विसरू नये. वक्राबद्दलचे चुकीचे गृहीतक बऱ्याचदा थोडेच नुकसान करते. स्वातंत्र्याबद्दलचे चुकीचे गृहीतक मात्र पी-मूल्याला पार अर्थहीन करून टाकते.

हीच अडचण पावसाच्या नोंदींत वेगळ्या रूपाने येते. मराठवाडा, विदर्भ, मध्य महाराष्ट्र, कोकण आणि गोवा या हवामान उपविभागांतल्या पावसाचा कल वाढता की घटता, हे पाहण्यासाठी मान-केंडल चाचणी फार वापरली जाते. तीस वर्षांच्या नोंदींतून ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीत नंतरचे वर्ष जास्त पावसाचे की कमी, एवढेच मोजायचे. त्याच ४३५ जोड्यांतून ४३५ उतार निघतात आणि त्यांचा मध्यक म्हणजे थाइल-सेन उतार. प्रणबकुमार सेन यांनी १९६८ साली त्याचा विश्वासांतराल मांडला. उत्तर दर वर्षी इतके मिलिमीटर, असे येते. एखाद्या वर्षीच्या अतिवृष्टीने ते डगमगत नाही, म्हणून आपल्या हवामानासाठी ही रीत योग्यच आहे. पण भूजलपातळीसारख्या नोंदींत एका वर्षाची छाया पुढच्या वर्षावर पडते आणि मग नसलेला कलही चाचणीत दिसू लागतो. त्यावरचे उपाय कलाच्या चाचणीवरील प्रकरणात सोडवून दाखवले आहेत.

ब्रॅडली एफ्रन यांनी १९७९ साली मांडलेल्या बूटस्ट्रॅप पद्धतीने विश्वासांतराल काढणे संगणकावर अतिशय सोपे करून ठेवले आहे. हातातल्या नोंदींतूनच, उचललेली नोंद परत टाकत, तितक्याच नोंदी हजारो वेळा निवडायच्या आणि दर वेळी हवी ती राशी काढायची. मध्यक, दोन गटांतला फरक, गुणोत्तर, काहीही चालते. इतकी मोकळीक मिळाल्यावर माणूस तिच्यावर नको तिथेही विसंबतो. नदीच्या पुराची कमाल पातळी घ्या. पुन्हा निवडलेल्या नमुन्यांपैकी सुमारे ६३ टक्क्यांत मूळ नमुन्यातली कमाल नोंद जशीच्या तशी येते आणि तिच्या पुढे एकही नमुना कधी जात नाही. धरणाच्या सांडव्याची क्षमता या अंतरालावर ठरवणे जिवावर बेतेल. आठ-दहा नोंदींच्या नमुन्यांतही हे अंतराल प्रमाणापेक्षा अरुंद येतात. तिथे क्रमांकांवर उभे असलेले जुने अंतराल अधिक विश्वासाचे.

पुस्तकातल्या प्रत्येक प्रकरणात एक उदाहरण संपूर्ण हाताने सोडवले आहे आणि मगच आज्ञावली दिली आहे. घाईत असलेल्या वाचकाने आज्ञावलीकडे थेट जायला हरकत नाही, पण डार्विनच्या मक्याच्या १२० सरासऱ्या एकदा तरी स्वतः मांडाव्यात. तासाभराचे काम आहे. जिथे अभ्यास संपला तरी रुग्ण जिवंत असतो आणि त्याची नोंद अर्धवटच हाती येते, अशा आकडेवारीचा विचार इथे केलेला नाही. कापलान आणि मायर यांच्या १९५८ सालच्या लेखापासून तो स्वतंत्र विषय झाला आहे आणि त्याला स्वतंत्र पुस्तकच लागेल.